अजिंठ्याची दोन तिकिटं

"मास्तर, सोमवार दाबलाच जाईना बघा," कॉम्प्युटरवरून मान वर करत सारिका म्हणाली.

सोपान मास्तरांनी हातातली पाटी पुन्हा तिच्यासमोर धरली. घरूनच खडूनं लिहून आणलं होतं: अजिंठा. माणसं दोन. सोमवार. सोमवारखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"रेघा मारून काय उपयोग? सोमवारी लेणी बंद असत्यात. मंगळवार धरू का?"

मास्तर पाटी खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. भोर डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली सव्वीस वर्षं त्यांची आठवड्याची सुट्टी सोमवारची. रविवारी रात्री निघायचं, सोमवारी लेणी बघायची आणि मंगळवारी दुपारच्या ड्यूटीला हजर, हा बेत त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी आखला होता. तेव्हापासून तो दरसाल पुढं ढकलला जात होता. कुणाच्या पोरीची सुपारी, कुणाचा बाप आजारी. "मास्तर, तेवढी माझी गाडी घ्या की," म्हणत कुणी आलं की मास्तर पाघळलेच. गावाची नड भागवता भागवता घरची मागं राहिली, आणि ते शल्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या भामाबाई एकदम हसायला लागल्या.

"आवो, म्हंजी सव्वीस वर्सांत कवा बी गेलो असतो तरी दार बंदच! आन् तुमी उगंच जिवाला लावून घेतलं."

मास्तरही हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. गळ्याला बांधलेला पांढरा रुमाल तेवढा हलला.

दीड वर्षापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. तंबाखूनं डाव साधला. आणि भामाबाईंचे डोळे त्याआधीच, नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेले होते. नवरा लिहितो ते बायकोला दिसत नाही, आणि बायको विचारते त्याला नवऱ्याला उत्तर देता येत नाही. त्यांच्या गावात, उत्रोलीत, लोक म्हणायचे, देवानं जोडी लावली पण मस्करी केली. लोकांचं काय जातं बोलायला!

पण कंडक्टर तो कंडक्टर. दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी तोड काढली. एक घंटी म्हणजे गाडी थांबव, दोन घंट्या म्हणजे जाऊ दे. भामाबाईंच्या मनगटावर एक टिचकी म्हणजे नाही, थांब. दोन म्हणजे हो, चल. तेवढ्या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता, आणि अधूनमधून भांडणंही होत होती.

तरी जे गेलं ते गेलंच होतं. डोळे गेल्यापासून मास्तर भामाबाईंना सगळं सांगत आले होते. वेल्ह्याच्या गाडीत पुढच्या बाकावर तिला बसवून, तिकिटं फाडता फाडता ते सांगत: आंबवणं गाव गेलं, भात पोटरीला आलाय, शाळंम्होरं पोरं उभी हायेत. आणि थांबा आला की तोच आवाज मोठा करून, पहिलं अक्षर ताणून ओरडत, "माऽऽर्गासनी, मार्गासनी! कोण ऱ्हायलंय का?" त्यांची एक खोड होती. बघितल्याशिवाय ते काही सांगत नसत. दारातली जाई फुलली का, एवढं भामाबाईंनी विचारलं, तरी हातातला घास ठेवून उठायचे, बघून यायचे आणि मग सांगायचे. भामाबाई चिडायच्या, आणि त्यांना ते आवडायचंही.

डोळे गेले तेव्हा मास्तर म्हणाले होते, "जाऊ दे, भामे. अजिंठ्याला नेऊन दगडन् दगड सांगीन तुला." लहानपणी भोंगवलीच्या विहारात एका भन्तेजींनी त्यांना निजलेल्या बुद्धाबद्दल सांगितलं होतं. उशाशी हात घेऊन निजलेली एवढी मोठी मूर्ती, आणि खाली रडणारी माणसं. त्या पायांजवळ एकदा उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. तरी मास्तरांनी दरसाल पुन्हा पुढं ढकललं, शेवटी एवढा उन्हाळा जाऊ दे म्हणाले, आणि तेवढ्यात गळ्यातली गाठ निघाली.

आता पुतण्या सम्राट जीप घेऊन न्यायला तयार होता. तर भामाबाईंनी काल संध्याकाळी साफ सांगून टाकलं होतं, "तुमी सांगणार व्हता म्हनून मी येनार व्हते. आता परक्या मानसाच्या तोंडून मला काय बी बघायचं न्हाई." मास्तरांना वाद घालता येईना. सकाळी त्यांनी तिचा हात धरला, दोन टिचक्या दिल्या आणि भोरच्या स्टँडसमोर सारिकाच्या ऑनलाईन सेंटरला आणून बसवलं.

सारिका विंझरची. बारावीच्या परीक्षेला तिला उशीर झाला तेव्हा मास्तरांनी तिच्यासाठी भरली गाडी चार मिनिटं रोखून धरली होती. ती चार मिनिटं ती विसरली नव्हती.

"मंगळवारची दोन तिकिटं टाकते," ती म्हणाली. "आणि मामी, गाईडांचे तीन नंबर काढून ठेवलेत. मास्तरांनी लिहिलंय, गाईड तुम्हीच निवडायचा. आवाज ऐकून."

"मी न्हाई म्हनलंय."

"ऐकायला काय जातंय? फोन माझा आहे."

पहिल्या गाईडनं फोन उचलला तोच मुळी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून. राजे आले, इंग्रज साहेब आला, रंग कशाचे केले ते आलं. भामाबाईंनी दम धरून ऐकलं आणि मधेच विचारलं, "दादा, आत्ता तुमच्याम्होरं काय हाय?"

"समोर? समोर भिंत आहे, मावशी. तर मी काय म्हणत होतो..."

सारिकानं आभार मानून फोन ठेवला.

दुसरा माणूस वाईट नव्हता, सरळ होता. "बाईंना दिसत नसेल तर मोठी चार लेणी करू. तासाभरात मोकळं. तशीही आत सगळ्यांनाच अंधार असतो."

भामाबाई उठल्याच. पदर खांद्यावर घेतला. "झालं? चला घरी."

मास्तरांनी त्यांच्या मनगटावर एक टिचकी दिली.

"का थांबू? त्यो खरंच बोलला. अंधारच बघायचा तर उत्रोलीत काय कमी हाय?" त्यांनी मनगट मागं घेतलं. "मला तुमच्याबिगर कुनाचं ऐकायचं न्हाई, एवढं कळत न्हाई व्हय तुमाला?"

मास्तरांनी पाटी ओढली. बाहीनं अजिंठा पुसला, सोमवार पुसला. खडू मोडला, तुकड्यानं लिहिलं. पाटी त्यांनी सारिकाकडं सरकवली आणि बायकोकडं बोट केलं.

सारिकानं वाचलं. आधी मनात, मग घसा साफ करून मोठ्यानं. "मास्तर म्हणतात, 'बघणार मीच हाय. त्यो नुसता बोलंल. चुकला तर मी थांबवीन. भामे, माझं एवढं ऐक.'"

भामे. दीड वर्षात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. भामाबाई पुन्हा बाकावर बसल्या. बाहेर स्टँडवर कुणीतरी स्वारगेटची गाडी पुकारत होतं.

"लाव तिसरा," भामाबाई म्हणाल्या.

तिसऱ्याचं नाव अमृत, लेण्यांजवळच्या फर्दापूरचा. आवाज तरुण, थोडा दबलेला. आज लेणी बंद म्हणून घरीच होता. सारिकानं दोघांची हकीकत सांगितली तेव्हा त्यानं वाईट वाटलं वगैरे म्हटलं नाही. "बरं," एवढंच म्हणाला.

"दादा," भामाबाईंनी विचारलं, "आत्ता तुमच्या दारात काय हाय ते सांगा."

"दारात का? थांबा हं मावशी, बघून सांगतो."

फोनमध्ये चपला वाजल्या. दार करकरलं. मास्तरांनी मान वर केली. भामाबाईंचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला.

"हां. आईनं अंगणात मिरच्या वाळत घातल्यात. मघाशी पोत्यावर होत्या, आता खाटेवर आहेत. म्हणजे शेळी सुटली असणार. आहे, सुटलीच आहे. मिरच्यांकडं बघत उभी आहे, पण आई काठी घेऊन बसलीय. कोण आधी कंटाळतंय, तेवढं बघायचं राहिलंय."

भामाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पाणी येत होतं.

"मंगळवारी येतो आमी," त्या म्हणाल्या. "पर एक ऐका. तुमी ड्रायव्हर. कंडक्टर माझ्या घरचा हाय. त्यांनी एक टिचकी वाजवली की थांबायचं, काय तरी बघायचं ऱ्हायलंय असं समजायचं. दोन वाजवल्या की म्होरं. घंटी झाल्याबिगर गाडी हलवायची न्हाई."

"समजलं. मास्तर आहेत का तिथं?"

मास्तर पुढं झाले. काउंटरवर, मोबाईलच्या शेजारी, बोटाच्या पेरानं त्यांनी दोनदा वाजवलं.

"निघालो, मास्तर," पलीकडून आवाज आला. अंगणात कुणीतरी शेळीला ओरडलं, आणि फोन बंद झाला.

सारिकानं दोघांची नावं, आधार नंबर घातले. मशीन कुरकुरलं आणि दोन कागद बाहेर आले. मास्तरांनी ते उचलले, तारीख वाचली, वार वाचला, उलटून पाहिले. चुकीचं तिकीट त्यांच्या हातून कधी गेलं नव्हतं. मग त्यातला एक कागद चार घड्या घालून लहान केला, तिकिटाएवढा, आणि भामाबाईंच्या तळव्यावर ठेवून त्यांची बोटं त्यावर मिटली.

भामाबाईंनी तो अंगठ्यानं चाचपला. कंडक्टरची बायको म्हणून त्या जन्मभर पासवर फिरल्या. मास्तरांच्या हातचं तिकीट त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"कुठलं दिलंय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांचे ओठ हलले. रुमाल हलला. आवाज काही आला नाही.

भामाबाई वाट बघून थांबल्या. मग त्यांनी मान जरा वर केली आणि, सेंटरमधली चार माणसं बघत असताना, पहिलं अक्षर ताणून, अगदी वेल्ह्याच्या गाडीतल्यासारखी हाळी दिली, "अऽऽजिंठा, अजिंठा! कोण ऱ्हायलंय का?"

मास्तरांनी एकदा सगळीकडं नजर टाकली. बाकावर भामाबाईंशिवाय कुणी राहिलं नव्हतं. दाराची पायरी मोकळी होती. मग त्यांनी तिच्या मनगटावर दोन टिचक्या दिल्या, आणि भामाबाई उठल्या.