त्रेसष्ट कासवं

सकाळी नऊपासून दुपारी दीडपर्यंत फोन एकेचाळीस वेळा वाजला होता आणि एकेचाळीस जणांचं म्हणणं एकच होतं: स्लो आहे.

आकडा तिच्याकडे होता, कारण मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. अख्खं हॉस्पिटल तिला मोजपट्टी म्हणायचं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती दोन वर्षांपूर्वी संगणक विभागात लागली, तेव्हापासून "स्लो म्हणजे नेमकं किती?" हा तिचा ठरलेला प्रश्न. आज तक्रारींचा नववा दिवस होता, आणि त्या प्रश्नावर आता लोक फोन आपटायला लागले होते.

हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे, स्कॅन आणि रिपोर्ट तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत, दोन उंच कपाटांतल्या एकशेवीस डिस्कवर राहायचे. त्या डिस्क सांभाळायचे मामा. ते तिथे कुणाचेच मामा नव्हते, पण बावीस वर्षं बारा महिने स्वेटर घालून त्या खोलीत बसल्यावर माणूस सगळ्यांचाच मामा होतो. एरवी चार मिलिसेकंदांत उत्तर देणारी ही कपाटं नऊ दिवस दोनशे-दोनशे मिलिसेकंद घेत होती.

दोघांनी केबल बदलल्या. कंट्रोलर बंद करून चालू केले. संशय आला म्हणून धडधाकट दोन डिस्क काढून नव्या घातल्या. कपाटावरचे दिवे मात्र पहिल्या दिवसापासून हिरवेगार.

"एखादा तरी लाल हो रे बाबा," मामा कपाटाला म्हणाले. "निदान बोट दाखवायला जागा होईल."

"मामा, हे बघा. लिहिणं प्रचंड चाललंय. रोजचे टेराबाइटच्या टेराबाइट. पण जागा तेवढीच्या तेवढी. मग लिहिलेलं जातंय कुठे?"

"तुझ्या मोजण्यात चूक असेल."

"माझ्या मोजण्यात?" तिचा आवाज इतका चढला, की मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बरं, चिडून चालणार नव्हतं. चार वाजता संचालकांची बैठक होती. त्यांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं: चारपर्यंत कारण सापडलं नाही, तर कपाटं बाहेरच्या कंपनीकडे आणि मामा जुन्या कागदपत्रांच्या गोदामात. मामांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

"गोदामाला खिडकी आहे म्हणे," मामा म्हणाले. "स्वेटरची धुलाई वाचेल." पण हे सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

दोन वाजून दहा मिनिटांनी बेचाळिसावा फोन आला. हा आत्याचा होता. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण, एक्स-रे विभागाची हेडनर्स, आणि राहायला त्यांच्याच घरी. त्यामुळे नऊ दिवस तक्रार हॉस्पिटलात ऐकायची ती ऐकायचीच, वर सकाळच्या चहाबरोबर पुन्हा.

"अगं, काय चाललंय काय तुमचं? पेशंट टेबलावर आडवा, डॉक्टरीणबाई माझ्यावर तडकतायत, आणि फोटो अर्धा उघडून बसलाय! नुसतं बरगडीपर्यंत दिसतंय."

"आत्या, किती सेकंद लागतात ते बघून सांगशील?"

"सेकंद तू मोज. इथे सकाळपासून कासव आहे, एवढं मला कळतं."

"काय आहे?"

"कासव गं! तुझंच ते. जलद असलं की ससा येतो, मंद असलं की कासव. एकदाही ससा आला नाही बघ आज."

ती खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिनं तो छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, नोंदणीखिडकीवरच्या माणसासाठी. तो रोज "स्लो आहे" म्हणायचा आणि आकडा द्यायचा नाही. मग तिनं त्याला एक बटण करून दिलं. दाबलं, की एक गिगाबाइटची फाइल त्या कपाटांवर लिहायची, परत वाचायची, पुसून टाकायची आणि वेळेप्रमाणे ससा नाही तर कासव दाखवायचं. शास्त्रात एका मापावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून कासव आलं तर खात्रीसाठी आणखी तीनदा मोजायचं, हेही तिनंच घातलं होतं. तेव्हा या गोष्टीचा तिला भारी अभिमान वाटला होता.

"आत्या, ते तुझ्याकडे कसं आलं?"

"माझ्याकडेच काय, सगळ्यांकडे आहे. नऊ-दहा दिवसांपूर्वी सकाळी जरा रेंगाळत होतं ना, तेव्हा नोंदणीवाल्यानं सगळ्यांच्या मशीनवर टाकून दिलं. आपोआप चालतं, दर पाच मिनिटांनी. फार गुणी मुलगा आहे."

फोन ठेवून तिनं हिशेब मांडला. मशीन त्रेसष्ट. त्रेसष्ट गिगाबाइट, एकाच ठोक्याला. कपाटाची तात्पुरती मेमरी तेवढ्यानं काठोकाठ भरते, मग एक्स-रेसकट सगळे रांगेत. रांग लागली की सगळीकडे कासव. कासव आलं की आणखी तीनदा. म्हणजे अडीचशे गिगाबाइट, आणि ते लिहून व्हायला लागतात सात मिनिटं. पाच मिनिटांनी पुढची फेरी उभीच.

शिवाय प्रत्येक केबल बदलल्यावर फरक पडला का ते बघायला तिनं स्वतः तेच बटण दाबलं होतं. नऊ दिवस.

"मामा," ती म्हणाली, "मोजण्यातच चूक होती."

चाचणीच्या फाइली ज्या फोल्डरात पडायच्या, त्याची लिहायची परवानगी तिनं काढून घेतली. दोनशे मिलिसेकंदांवरचा आकडा घसरत घसरत चारवर आला आणि तिथेच थांबला.

"सांगू नकोस," मामा म्हणाले. "आपोआप बरं झालं म्हण. तुझी नोकरी नवीन आहे."

"आपोआप म्हटलं तर कारण सापडलं नाही असं होईल. मग तुम्ही गोदामात."

"अगं, खिडकी आहे तिथे."

"खड्ड्यात गेली ती खिडकी!"

चार वाजता बैठकीत, मामा शेजारी असताना, तिनं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. संचालकांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे नऊ दिवस हॉस्पिटल मंद आहे, कारण नऊ दिवस सगळे मिळून ते मंद आहे का हे मोजतायत?"

"हो सर."

"आणि मोजायचं यंत्र तुमचं."

"हो सर. मामांचा यात काही संबंध नाही. कपाटं ठणठणीत आहेत. आता सगळं पहिल्यासारखं आहे."

संचालकांनी स्वतःचा लॅपटॉप तिच्याकडे वळवला. कोपऱ्यात कासव होतं.

तिनं लॅपटॉप जवळ ओढला. मग लक्षात आलं: फाइल लिहिताच आली नाही, तर तेही मंद समजायचं, हेसुद्धा तिनंच लिहिलं होतं.

"सर, ते कासव खोटं आहे."

"नऊ दिवस खरं होतं ना?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. संचालकांनी स्पीकर लावला. आत्या.

"साहेब, फोटो पटापट उघडतायत, चार पेशंट मोकळे केले. पण कासव काही जात नाही. हे फोटो खरे धरायचे का?"

संचालकांनी कपाळाला हात लावला. "धरा बाई, धरा." फोन ठेवून ते मामांकडे वळले. "तुम्ही खाली जा, तुमच्या थंडीत. कपाटं कुठे जात नाहीत." मग तिच्याकडे. "आणि तुम्ही प्रत्येक मशीनपाशी स्वतः जायचं. ते पुसायचं, आणि समोरच्या माणसाला सांगायचं की ते कुणी लिहिलं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत."

ती वही घेऊन निघाली. पहिली नोंदणीखिडकी. तिथल्या माणसानं तिला लांबूनच पाहिलं.

"काय हो मोजपट्टी, अजून स्लोच आहे!"

"स्लो म्हणजे—" ती म्हणाली आणि ओठ आवळले. "सरका. मला बसू द्या."

तिनं कासव पुसलं, ते आपलंच होतं आणि नऊ दिवस सगळं त्यानंच मंद केलं होतं हे सांगितलं, त्याचे डोळे विस्फारलेले बघितले आणि वहीत लिहिलं: बासष्ट.