महाराजांच्या तळहाताखाली

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर उतारामहाराज एका हातात दारूची बाटली, दुसऱ्या हातात काचेचा पेला घेऊन येरझाऱ्या घालत होते.

"हिने कुणाचा संसार खाल्ला?"

"आमचा!" सभागृह गरजलं.

"मग आज आपण हिलाच खाऊ!"

टाळ्यांचा कडकडाट. महाराजांनी पेल्यात तांबूस दारू ओतली, तो तळहाताने झाकला, डोळे मिटले आणि पेला गरगरा फिरवला. हात काढला, तर आत नितळ पाणी! बायका मुसमुसू लागल्या.

"हिचा रंग गेला, तशी तुमची तलफ जाईल. औषध नको, डॉक्टर नको. डॉक्टरला विचारा, त्याची स्वतःची सुटली का?"

हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मात्र लेकीचा हात घट्ट धरून ठेवला होता. लेक इस्पितळात सिस्टर होती. जखमा धुण्यात, टाके काढण्यात उमेदीची वर्षं गेलेली. नवरा गेल्यावर झोप येईना म्हणून घोटभर घेऊ लागली. पुढे झोपेचं निमित्तही लागेनासं झालं. परवा टाके काढताना हात इतके थरथरले, की मोठ्या सिस्टरनी तिच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि तिला घरी पाठवलं. तेव्हापासून तिला लाज वाटत नव्हती, भीती वाटत नव्हती, काहीच वाटत नव्हतं. आई 'चल' म्हणाली, ती चालू लागली.

"या ताई, वर या," महाराजांनी नेमकं तिलाच बोलावलं. नवा पेला भरून तिच्या नाकाशी धरला. "घ्या वास. शेवटचा!"

सगळीकडे अत्तर फवारलेलं होतं. तरी त्याखालचा वास तिने ओळखला. एक वास तिचा इस्पितळातला सोबती, दुसरा घरचा. या दोघांत तिची गल्लत होणं शक्य नव्हतं.

"ही दारू नाही," ती सपाट आवाजात म्हणाली. "आयोडीन आहे. जखमेला लावतात ते."

पण महाराज मुरलेले होते. "ऐकलंत? ही ताई बोलत नाहीये, तिच्या पोटातली बाटली बोलतेय!"

"दारुडीचं काय ऐकता!" मागून कुणीतरी ओरडलं. ती पायऱ्या उतरली. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तिथे तरी गप्प बसायचंस. एवढी एक आशा होती मला."

तिने औषधांच्या डब्यातून आयोडीनची बाटली काढून पेलाभर पाण्यात थेंब टाकले. पाणी रमसारखं दिसू लागलं. मग सी जीवनसत्त्वाची पांढरी गोळी वाटीने चुरडली, ती पूड आईच्या ओल्या तळहातावर चोळली.

"झाक पेला. फिरव."

आईने फिरवला. हात काढला, तर पाणी नितळ.

"रंग तेवढा जातो," ती म्हणाली. "आयोडीन पेल्यातच असतं, दुसऱ्या रूपात. पिऊ नकोस हं."

पुढच्या कार्यक्रमाला म्हातारी एकटीच गेली. महाराजांनी पेला भरताच ती उठून उभी राहिली. "महाराज, चमत्कार करा. पण आधी साबणाने हात धुवा!"

लोक हसले. मग कुणी म्हणालं, धुवा की, त्यात काय! महाराजांना तपोभंगाची आठवण झाली, भक्तांच्या अपमानाची आठवण झाली, शेवटी पाठदुखीचीही झाली. ते आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. पेला टेबलावर तसाच राहिला, तांबूस.

आई घरी परतली ती उंबऱ्यातच बसली. "सभागृहाच्या दारात एका बाईने अडवलं मला. म्हणाली, तुम्ही हेही काढून घेतलंत, आता नवऱ्याला कुठे नेऊ?"

"वाचनालयाच्या मागचा जिना," लेक म्हणाली. "वरची खोली, रोज संध्याकाळी. दारू सोडू पाहणारी माणसं बसतात."

"तुला कसं ठाऊक?"

"मीच पाठवते पेशंटना."

"मग आता तूही चल," आई म्हणाली.

आधी दोघी डॉक्टरकडे गेल्या, कारण रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं, औषधं दिली. बरं वाटताच ती तो जिना चढली.

प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. एक नळदुरुस्तीवाला लगबगीने उठला. "सिस्टर! तुम्हीच तर मला इथे धाडलंत. आज माहिती द्यायला आलात का?" त्याने तिच्यासाठी खुर्ची वेगळी, समोर मांडली.

हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही," ती म्हणाली. "मी पिते. बसायला आलेय."

त्याने खुर्ची उचलून गोलात, आपल्या शेजारी ठेवली.

कुणी म्हणालं, गेल्या आठवड्यात पुन्हा घेतली. कुणीही त्याला पापी म्हटलं नाही. तिची पाळी आली तेव्हा ती एवढंच बोलली, "मला काहीच वाटत नाही."

"मलाही कितीतरी दिवस वाटत नव्हतं," एक पाववाली बाई म्हणाली. "तरी येत राहिले."

जिन्याखाली आई थांबली होती. "सुटली का गं?"

"नाही, आई. आज घेतली नाही. उद्या परत यायचंय."

अशा सभागृहांत जाणाऱ्यांना हसू नका. त्यांचं दुःख खरं असतं, खोटा असतो तो पेला. पण कुणी 'डॉक्टर नको' म्हणालं, तर तिथल्या तिथे विचारा, 'का नको?' दारूचं व्यसन हा आजार आहे. त्याला उपचार आहेत, सोबत करणारी माणसं आहेत, आणि त्यांना तळहाताने पेला झाकावा लागत नाही.