ग्रासलेला चंद्र, न बुडलेला सूर्य

वेणीमाधवशास्त्र्यांनी चारचौघांत शब्द दिला, तिथेच सगळा घोटाळा झाला. गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावर ग्रहणाचं गणित विचारायचं तर शास्त्रीबुवांनाच, हे सगळ्यांना मान्य. खुद्द शास्त्रीबुवांना तर जरा जास्तच मान्य! त्यांची एकुलती एक लेक ऋता खगोलशास्त्र शिकायला पुण्याला जाते म्हणत होती आणि हे हटून बसले होते. "ते चार भिंतींत बसून आकाश काय शिकवणार, कप्पाळ? मी आहे की इथे!"

तेव्हा ऋता म्हणाली, "बाबा, होळीच्या ग्रहणात ग्रासलेला चंद्र उगवेल ना, तेव्हा सूर्यही दिसत असेल. दोन्ही एकदम."

शास्त्रीबुवा पोट धरून हसले. "अगं वेडाबाई, चंद्रग्रहणात हे दोघे अगदी समोरासमोर, मधे आपली पृथ्वी. एक बुडाल्याशिवाय दुसरा वर येईल कसा? दोन्ही दिसले तर पुण्याचं तिकीट मी स्वतः काढून देईन, जा!" वर घाटावरच्या यजमानांनाही ही पैज सांगून आले, आणि म्हणाले, की सूर्य बुडेपर्यंत जपाला बसायची मुळीच घाई करू नका.

ग्रहणाच्या संध्याकाळी पाण्यात तुळशीपत्र टाकून ऋताच्या आईने, लीलाबाईंनी, स्वयंपाकघर बंद केलं आणि तिघं छतावर गेली. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने आकाश लख्ख झालं होतं. शास्त्रीबुवा गंगेकडे पाठ करून पश्चिमेला तोंड करून उभे राहिले. घरांच्या पलीकडे लालभडक सूर्य टेकत होता. "हा बघा, आहे अजून. म्हणजे चंद्र नाही. संपला विषय!"

"अहो," मागून लीलाबाईंचा आवाज चिरकला, "इकडे बघा आधी!"

शास्त्रीबुवा वळले. गंगेपलीकडच्या रेतीवर तांबूस चंद्र वर आला होता, एक कड खाल्लेला. ते गर्रकन मागे वळले. सूर्य जागच्या जागी!

"छे! छे छे! शक्यच नाही!" त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला. दोन्ही होतेच. खाली घाटावरून कुणीतरी ओरडलं, "पंडितजी, चाँद तो निकल आया!" ते टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसले. वडिलांनी मांडीवर बसवून शिकवलेलं गणित खोटं निघालं होतं. आता तोंड कुठे लपवायचं?

ऋताने त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, सच में, गणित तुमचं बरोबर आहे. सूर्य बुडालाय. चंद्र अजून उगवायचाय. दोन्ही क्षितिजाखालीच आहेत. हवेतून येताना त्यांचा उजेड वाकतो, म्हणून ते आपल्याला वर दिसतात. पाण्यात काठी वाकडी दिसते ना, तसंच हे."

शास्त्रीबुवा तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे रोज सकाळी सूर्याची पहिली कोर दिसली की मी अर्घ्य देतो, तेव्हा..."

"तेव्हाही तो खालीच असतो, बाबा."

इतकी वर्षं डोळ्यांनी बघून, ओंजळ भरून, ते तिथे नसलेल्या सूर्याला पाणी देत आले होते! उपरणं सारखं करून ते म्हणाले, "ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. उद्याच तिकीट काढतो."

ऋताने आईकडे पाहिलं. लीलाबाई उगाचच वाळत घातलेल्या कपड्यांकडे गेल्या.

"काय झालं?"

"बाबा, तिकीट मी मागच्याच आठवड्यात काढलं. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी जाणार होते. आईला माहीत आहे."

लेक समोर उभी होती, तिचा हात त्यांच्या हातात होता. शास्त्रीबुवांनी तो आणखी घट्ट धरला.

"म्हणजे तूही कधीचीच निघून गेलीस," ते म्हणाले, "मला आपली अजून दिसत्येस."