आजोबांची दाढ आणि मानाचा नारळ

आमच्या कळंबला गावदेवीच्या जत्रेत मानाचा नारळ भावकीतला सगळ्यांत वडील पुरुष फोडतो. यंदा त्या मानाला दोन दावेदार निघाले. एक माझे आजोबा येसाजी, दुसरे त्यांचे चुलतभाऊ सखा. शाळेच्या दाखल्यावर दोघांचा जन्म एक जूनचा आणि एकाच सालचा. त्या काळी गुरुजी अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घालायचे, त्याला कोण काय करणार! आजोबांनी मात्र या नारळासाठी उभा जन्म वाट पाहिली होती. तो सखाआजोबांच्या हातात गेला, तर आजोबा जत्रेच्या मांडवात पाऊलही टाकणार नव्हते.

मी डॉल्फिनची वयं काढते. किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन लागला की त्याचा दात काढायचा, पातळ काप करून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजायचे. साधारण वर्षाला एक थर. हे मी घरी बोलून बसले आणि फसले. दुसऱ्याच दिवशी आजोबा खालापूरच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन चांगली घट्ट दाढ उपटवून आले.

"मोज गं हर्षला," कुंकवाची डबी उघडून ते म्हणाले. दाढ आत होती.

"आजोबा, माणसाचं इतकं नेमकं नाही येत. नुसता अंदाज येतो."

"माशाचं येतं आन माझं नाय येत?"

डॉल्फिन मासा नाही, हे सांगायचं मी तोंडावर आलेलं गिळलं.

देवळात भावकी बसली. मला पुढे बोलावलं. दाढ बाजूलाच राहिली आणि डॉल्फिन वयात कधी येतात, हाच सगळ्यांचा आवडता प्रश्न ठरला. मी सांगितलं, मादी साधारण नऊ-दहा वर्षांची झाली की येते, नराला आणखी काही वर्षं लागतात. अंगानं वाढला तरी माद्या त्याला लगेच विचारत नाहीत. पुरुषमंडळी मांड्यांवर थापा मारून हसली. दोघातिघांनी तर पुन्हा सांगायला लावलं.

तेवढ्यात बायकांमधून भागूबाई बोलली. ही आजोबांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली.

"दात कशाला मोजताव रं? मला न्हाण आलं, मखरात बसवली, त्याच हप्त्यात आमची आई येसाच्या वक्ताला बाळंत झाली. सखा तवा मखराची केळ धरून उभा ऱ्हायचा. सखा थोरला."

मुलीला पहिल्यांदा पाळी आली की पूर्वी तिला सजवून मखरात बसवायचे, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तरी सगळे आढ्याकडे पाहू लागले.

"बाय, देवळात काय बोलतीस!" कोणीतरी म्हणालं.

"आता तर माशांचं चाललं व्हतं," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "यापेक्षा पक्का पुरावा मी आयुष्यात पाहिला नाही," असं मी मोठ्यानं म्हणाले. कोणी ऐकलं नाही. गंमत म्हणजे साक्ष ज्यांच्या बाजूची होती, ते सखाआजोबाही लाजून म्हणाले, "ते नको. दाताचंच बघा." आणि त्यांच्या तोंडात एकही दात स्वतःचा नव्हता. पंचांनी निकाल दिला, ज्याचा दात हजर त्याचा मान. दाढ मोजायची गरजही कुणाला वाटली नाही.

जत्रेला आजोबांनी नारळ फोडला. एका घावात फुटला, वाजंत्री वाजली. रीतीप्रमाणे खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांनी तोंडात टाकला, या गालातून त्या गालात फिरवला आणि हळूच हातात काढून घेतला. चावायची एकच दाढ होती, ती डबीत पडली होती.

आजोबा बायकांच्या रांगेकडे गेले. दुसरा तुकडा त्यांनी भागूबाईच्या हातावर ठेवला.

"तू खा गं बाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मान तुझाच व्हता."

"ठावं हाय मला," ती म्हणाली आणि खोबरं कडाकडा चावू लागली.