दार मागाहून

शेवटी गिटार भिंतीआड गेली. पण ती गोष्ट तूर्त झालीच नाही असं धरून चालू, कारण चष्मेवाल्याच्या लेखी ती अजूनही झालेली नाही.

चष्मेवाला म्हणजे एरवी दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारा आणि सुट्टीला घरामागच्या खोलीत गिटार बनवणारा गृहस्थ. गिटार लेकीसाठी होती. ती शिकायला परगावी निघणार होती आणि सोबत न्यायला तिला बाबांच्या हातची गिटार हवी होती. मागणी साधीच. अडचण एवढीच, की गिटारीच्या कामात वाट बघणं फार. सरस लावा, वाट बघा. फळीला बाक द्या, वाट बघा. आणि हातावर हात ठेवून बसणं चष्मेवाल्याच्या रक्तात नव्हतं.

पहिला सरस सुकेपर्यंत त्याने टेबलाचा डुगडुगणारा पाय बदलला. दुसरा सुकेपर्यंत टेबलच बदललं. मग नव्या टेबलाखाली जुनी फरशी शोभेना. बायको म्हणाली की खोली आता इतकी देखणी झालीय, की तिच्यात गिटार म्हणजे पसाराच वाटेल. तिने टोमणा मारला होता. त्याने तो सूचना म्हणून मनावर घेतला.

पॉलिशचा शेवटचा हात झाला तेव्हा प्रकरण गंभीर झालं. ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसला की संपलं. त्याने गिटार मागच्या भिंतीला टांगली आणि तिच्यापुढे, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं. दार मागाहून कापायचं ठरलं. पण समोर एवढं कोरं प्लायवूड बघून त्याचे हात शिवशिवले. खुंट्या ठोकल्या, अवजारं टांगली, प्रत्येकाच्या कडेने काळ्या रंगाची रेघ ओढली. रंधा, पटाशी, कानस, सगळी आपापल्या जागी. असं देखणं काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं. एकच खुंटी रिकामी राहिली, करवतीची. करवत आत होती, गिटारीशेजारी.

निघायच्या दिवशी लेक बॅग घेऊनच खोलीत आली.

"बाबा, पॉलिश सुकलं का?"

"सुकलं असणार."

"असणार म्हणजे?"

"आत जाऊन बघितल्याशिवाय कसं सांगू?"

तिने भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि बोटाने ठकठक केलं. आतून पोकळ, घुमारेदार आवाज आला.

"नाद बघ," तो म्हणाला. त्याला खरंच भरून आलं होतं.

लेकीने शांतपणे सुचवलं की शेजारच्या काकांकडून करवत आणू, पाच मिनिटांत दार कापू. चष्मेवाल्याने भिंतीवरच्या सगळ्या रेघांवरून नजर फिरवली.

"आणशील गं. पण दाराला जागा कुठाय?"

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. लेकीने वहीचं पान फाडलं, उभ्याउभ्या काहीतरी खरडलं, करवतीच्या खुंटीला अडकवलं आणि बाबांच्या पाया पडून निघून गेली. चष्मेवाल्याने कागद दोनदा वाचला. तो जरा तिरका लटकत होता. त्याने तो सरळ केला, ब्रश घेतला आणि कागदाच्या चारी कडांनी काळी रेघ ओढली. कागदावर लिहिलं होतं:

'विषय: दार मिळणेबाबत. महोदय, अर्जदार पुढील सुट्टीत घरी येईपर्यंत सदर भिंतीस, एक गिटार उभी बाहेर येऊ शकेल एवढ्या मापाचे दार मंजूर करण्यात यावे, ही नम्र विनंती.'