ओकारीच्या इतिहासाचं बारावं पान

"'बळकावली' हा शब्द आधी काढा," मावशी म्हणाली. "आम्ही गुहा बळकावली नाही. परत घेतली."

"'परत घेतली' लिहाल तर मी अंगठा देणार नाही," खोकल्या म्हणाला आणि बराच वेळ खोकला.

शाईआत्यानं टाक खाली ठेवला. बावीस दिवस झाले होते. दोरखंडवाल्याच्या दुकानावरच्या तिच्या एका खोलीत ही दोन म्हातारी माणसं रोज सकाळी येऊन बसत, तिचा चहा पीत आणि एका शब्दावरून दुपार करत. मावशी ही गाठवाल्या चाच्यांची कप्तान. खोकल्या हा कडेवाल्यांचा. एकाच्या झेंड्यावर गाठ, दुसऱ्याच्या झेंड्यावर कडं, आणि दोघांच्याही डोक्यात दगड, असं शाईआत्याचं मत झालं होतं. ती ते तोंडावर बोलूनही दाखवत असे. दोघांना काही फरक पडत नसे.

"'गुहा हातात आली' असं लिहिते," ती म्हणाली. "कुणाच्या, कशी, ते वाचणाऱ्यानं बघावं."

दोघांनी तोंडं वाकडी केली. म्हणजे आता दोघांनाही ते आवडलेलं नव्हतं, आणि त्याच कारणानं ते चालणार होतं. इतिहास असाच पुढे सरकत होता.

भांडण ज्या गुहेचं होतं तिचं कागदोपत्री नाव मोठं भारदस्त होतं, पण बंदरातली सगळी माणसं तिला ओकारी म्हणत. समुद्र जे जे गिळतो ते ती गुहा ओकून टाकते. महिन्यातून एकदा, मोठ्या ओहोटीला, पाणी मागे गेलं की आतल्या वाळूवर बुडालेल्या जहाजांचा माल पडलेला असतो. पेट्या, नांगर, तांब्याची भांडी, कधी आख्खं शीड. फक्त माणसं तेवढी ती परत करत नाही. एवढं घबाड म्हटल्यावर चाचे तुटून पडणारच. दोनशे वर्षं दोन्ही टोळ्या त्या गुहेसाठी एकमेकांची जहाजं बुडवत आल्या होत्या. शाईआत्यानं सातव्या पानाच्या वेळी जुनी कागदपत्रं चाळली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की गेली शंभर वर्षं ओकारीतून जे निघतंय ते सगळं ह्यांचंच बुडालेलं सामान आहे. तिनं हे दोघांना सांगितलं. मावशी म्हणाली, "मग आमचं सामान आम्हालाच नको का मिळायला?" खोकल्यानंही मान डोलावली. बावीस दिवसांत त्या दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

डोक्याला खरा ताप होता तो सालांचा. ज्यानं गुहा घेतली त्यानं त्या दिवसापासून साल पहिलं मोजायचं, अशी दोन्ही टोळ्यांची रीत. मागचं सगळं जणू झालंच नाही. त्यामुळे तिच्यापुढच्या कागदांत साल पहिलं एकोणीस वेळा होतं आणि कुठलं कुठल्याच्या आधीचं हे एकाही शहाण्याला सांगता येत नव्हतं. भिंतीवरच्या खुणांचीही तीच कथा. जिंकणाऱ्यानं हरलेल्याची खूण तासून काढायची आणि आपली कोरायची. इतकं तासलं होतं की भिंती आत गेल्या होत्या.

राहिली होती फक्त तळची पायरी. ती कायम पाण्याखाली. एकोणीस वर्षांतून एकदा येणाऱ्या महाओहोटीला दोन घटका उघडी पडते. तिथली खूण तासायला कुणाचाच हात पोचलेला नव्हता, म्हणजे जो सगळ्यात आधी आला त्याचीच खूण तिथे असणार. दर महाओहोटीला दोन्ही टोळ्या त्याच पायरीवर उभ्या राहून लढत असत. खाली बघायला सवड कुणाला होती?

आता दोघांकडे मिळून अकरा जहाजं उरली होती आणि ती चालवायला पुरेशी माणसं नव्हती. म्हणून हा तह. शाईआत्यानं बारा पानांचा इतिहास लिहायचा, प्रत्येक पानावर दोन्ही कप्तानांनी अंगठा द्यायचा, आणि बाराव्या पानावर तळच्या पायरीची खूण. ज्याची खूण त्याची गुहा, कायमची.

लिहिणाऱ्या बाईचा सख्खा भाऊ गाठवाल्यांचा सुकाण्या, तरी कडेवाल्यांनी तिला कबूल केलं, ह्याचं बंदरात कुणाला नवल वाटलं नाही. बंदरातले दाखले तीच लिहायची, आणि तिनं एकदा ह्याच भावाच्या वयाच्या दाखल्यावर दोन वर्षं वाढवून द्यायला नकार दिला होता, आणि त्यापायी त्याची चांगली नोकरी हुकली होती. शाईआत्या म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे शाईआत्या. खोटं अक्षर ती स्वतःच्या बापालाही लिहून देणार नाही, असं लोक म्हणत.

लोकांना एक माहीत नव्हतं. शाईआत्याला गाठवाले हरायला हवे होते.

गुहा ज्याची, त्याच्या मुख्य सुकाण्यानं आत पहाऱ्याला राहायचं, ही दुसरी रीत. तिच्या आठवणीत अकरा पहारेकरी होऊन गेले. सहा जणांना दुसऱ्या टोळीनं कापलं. पाच जणांना भरतीनं नेलं. तह झाला की कापाकापी थांबेल, पण भरतीशी तह कोण करणार? पाच जणांतले एक तिचे वडील. ती तेव्हा सतरा वर्षांची होती, भाऊ आठ. पुढच्या ओहोटीला ओकारीनं वडिलांची होडी परत केली. रिकामी, वल्ह्यांसकट. आणि आता गाठवाल्यांचा मुख्य सुकाण्या तिचा धाकटा भाऊ होता.

महाओहोटीच्या आदल्या दिवशी तो तिच्याकडे जेवायला आला. येताना नवाकोरा कंदील घेऊन आला आणि मेजावर तिच्या कागदांवरच ठेवला.

"उचल तो," ती म्हणाली. "तेल सांडेल."

"ताई, उद्या गाठच निघणार बघ."

"निघाली तर तू तिथे जाऊन बसणार. भिजक्या दगडावर. एकटा. आणि खायला काय, शंख?"

"आठवड्याला होडी येते."

"भरती रोज येते."

तो हसला. चाळिशीचा माणूस, पण हसला की वाढवलेल्या दाढीतून तोच आठ वर्षांचा पोरगा दिसायचा, आणि तिला त्याचा आणखीच राग यायचा. "बाबा नाही का उभे राहिले तिथे? सात महिने."

"बाबा उभे राहिले नाहीत. बाबा बुडाले."

"आपल्या जागेवर बुडाले," तो शांतपणे म्हणाला आणि जेवायला लागला.

एकतीस वर्षं ती बोलत होती. दुसरं काम बघ म्हणून सांगून झालं, रडून झालं, दोन वर्षं अबोला धरून झाला. खाली दोरखंडवाल्याला माणूस हवा होता, तिथे शब्द टाकून झाला. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीनं ऐकलं असतं. ती मुकाट्यानं त्याला वाढत राहिली आणि मनात एकच घोकत राहिली, कडं निघू दे, कडं निघू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन होड्या ओकारीच्या तोंडाशी लागल्या. एकीत मावशी, दुसरीत खोकल्या. दोघांचा एकमेकांवर इतका विश्वास, की कुणीच आत जायचं नाही असं ठरलं होतं. एकटी शाईआत्या जाणार. हत्यार नाही, लोखंड नाही, म्हणजे तिला काही कोरता किंवा तासता यायला नको. शिंपले खरवडायला तिला लाकडी डाव दिला होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, डाव हातात घेऊन ती चाच्यांच्या गुहेत शिरली, आणि असल्या खुळ्यांच्या नादी आपण लागलोच कशाला, असं तिच्या मनात आलं.

आत थंडगार होतं. वाळूवर त्या महिन्याचं ओकलेलं पडलं होतं. एक बूट, एक मोडका हुक्का, एक दार. दारावर कडं कोरलेलं होतं, बुटावर गाठ शिवलेली. ती त्यांना ओलांडून पुढे गेली, उतरत्या दगडावरून बसत बसत तळच्या पायरीशी पोचली. पायरी शिंपल्यांनी भरली होती. ती गुडघे टेकून खरवडू लागली. डाव सटकत होता, बोटं सोलवटत होती, पाठ भरून आली होती. बाहेरून खोकल्याचा खोकला ऐकू येत होता.

शिंपल्यांचा एक थर निघाला आणि तिच्या बोटांना दगडातली खाच लागली. तिनं डोळे मिटले आणि बोट खाचेतून फिरवलं. कडं असतं तर बोट जिथून निघालं तिथे परत आलं असतं. ते आलं नाही. ते वर गेलं, वळलं, स्वतःच्याच खालून गेलं आणि पलीकडे निघालं. तिनं पुन्हा फिरवलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटानं फिरवून बघितलं.

गाठ. स्वच्छ, खोल, चांगल्या हातानं कोरलेली गाठ. बाबा आपल्याच जागेवर बुडाले होते.

तिला इतका संताप आला की तिनं डाव पायरीवर आपटला. दोनशे वर्षांत एक गोष्ट तरी मनासारखी व्हावी? बावीस दिवस ह्यांची दाढी कुरवाळत एकेक शब्द लिहिला, अकरा पानं अक्षर न् अक्षर खरी लिहिली, कुणाला झुकतं माप दिलं नाही, आणि शेवटी खरं निघालं ते हे. तिला रडूही येईना. पायांपाशी पाणी चढायला लागलं होतं. थोड्या वेळात पायरी बुडेल, आणि पुढची एकोणीस वर्षं तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसेल.

ती उठली. वर यायला तिला बराच वेळ लागला. बाहेर उन्हात आली तर दोन्ही होड्यांतली माणसं उभी राहिली होती. मावशीच्या होडीचं सुकाणू धरून तिचा भाऊ उभा होता. कंदील त्यानं बरोबरच आणला होता.

"काय आहे?" मावशीनं विचारलं.

"कडं," शाईआत्या म्हणाली.

कडेवाल्यांनी एकच गिल्ला केला. मावशी मटकन होडीत बसली. "नीट बघितलंत, आत्याबाई?" एवढंच तिनं विचारलं.

"दोन्ही हातांनी," ती म्हणाली. ते खरंच होतं.

अकरा पानं जिनं एकेका शब्दावर अडवून धरली होती, त्या मावशीनं बाराव्या पानावर मुकाट्यानं अंगठा उठवला. शाईआत्यानं सांगितलं म्हटल्यावर संपलं. भावानंही विचारलं नाही. तिला वाटलं होतं तो भांडेल, मला आत जाऊन बघू द्या म्हणेल, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे तिनं वर येता येता जुळवून ठेवलं होतं. त्यानं नुसतं तिच्या सोललेल्या बोटांकडे बघितलं, तिला हात देऊन होडीत घेतलं आणि होडी वळवली. त्याच्या दाखल्यावर दोन वर्षं वाढवून न देणारी बाई खोटं बोलेल, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोकल्याचा जावई अंथरुणाची वळकटी खांद्यावर टाकून पहाऱ्याला गेला. तो कडेवाल्यांचा मुख्य सुकाण्या होता. त्याची बायको धक्क्यावर उभी होती. शाईआत्यानं खिडकी लावून घेतली.

मावशीनं टोळी मोडली. भाऊ खाली दोरखंडवाल्याकडे कामाला लागला. तिला हवं होतं ते सगळं झालं. दुपारी तिच्या खोलीत खालून दोरखंड पिळणाऱ्या चाकाचा आवाज यायचा, आणि ते चाक तोच फिरवतोय हे तिला न बघता कळायचं. संध्याकाळी हात धुऊन तो वर जेवायला यायचा. दाढी काढली होती. वडिलांचा विषय काढत नव्हता. पूर्वी दर चार वाक्यांनी काढायचा आणि ती वैतागायची. आता तो कधी काढेल ह्याची वाट बघून ती वैतागत होती.

महिन्याभरानं एकदा त्यानं काढला.

"ताई, बाबांना माहीत असेल का गं, ती जागा आपली नव्हती म्हणून?"

ती वाढत होती. "नसेल. त्यांना कुठून माहीत असणार?"

"म्हणजे चोर नव्हते."

"नाही रे. चोर कसले?"

त्यानं ताटात घास कालवला. "मग मूर्ख होते म्हणायचे. दुसऱ्याच्या दगडासाठी मेले."

तिच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य होतं, फार तर पाच शब्दांचं. ते ऐकलं असतं तर त्याचा चेहरा कसा झाला असता, हे तिला समोर दिसत होतं. आणि ते ऐकून तो ताटावरून उठून सरळ धक्क्यावर गेला असता, हेही दिसत होतं.

"मूर्खच," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं.