ओझेलासमोरचा बाक

बाई असती तर मी तिला पुरून उरले असते. नवऱ्याच्या बाईशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवायला नको. माझ्या दोन्ही आत्यांनी आमच्या या अलाबामाच्या डोंगरावर, भर बाजारात, ते करून दाखवलंय. पण माझा नवरा लागला तो चर्चच्या नादी. आता चर्चच्या झिंज्या कशा उपटायच्या?

आधी मला संशय बाईचाच आला होता. हॉइट महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गळ घेऊन मासे धरायला जायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं यायचा. बरं, मासे नाही मिळाले तर माणूस चिडचिडतो, निदान भुकेला तरी येतो. हा यायचा तृप्त. जेवायला वाढलं की म्हणायचा, "आज नको गं, पोट भरलंय." कशानं भरलंय? नदीच्या वाऱ्यानं? गळ पाहावा तर ठणठणीत कोरडा. गॅरेजात काम करताना काहीतरी गुणगुणायचा आणि मी दारात आले की गप्प. पाणी कुठंतरी मुरत होतं.

आमच्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" नाव नंतर विचारतात. लग्न झाल्यापासून मी आणि हॉइट एका सुरात उत्तर देत आलो, "कुठल्याच नाही." समोरच्याचा चेहरा पडला की टेबलाखाली तो माझा हात दाबायचा. लोकांकडे देव होता, माझ्याकडे तो दाबलेला हात होता. मला त्यावर कधी काही कमी पडलं नाही.

देवाबद्दल माझं म्हणणं साधं आहे. माझी उभी हयात औषधाच्या दुकानात गेली. गोळी मी द्यायची, डोस मी समजावायचा, दम मी भरायचा, आणि माणूस बरा झाला की म्हणायचा, "देवाची कृपा!" अरे, मग देवाकडूनच घ्यायची ना गोळी! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, आणि लोक कावळ्याची पूजा करत सुटतात. हे बोलायला जागा म्हणून आम्ही काही जण रविवारी सकाळी खाली शहरात एका पॅनकेकच्या हॉटेलात जमतो. लेस्टर नावाचा निवृत्त सर्व्हेअर आमचा म्होरक्या. तो दर रविवारी देव नाही हे नव्यानं सिद्ध करतो आणि तोवर पॅनकेक गार होतात. हॉइट पूर्वी यायचा. मग मासे सुरू झाले.

मे महिन्यात लेस्टरनंच बॉम्ब टाकला. "नेल्डा, आत्ता येताना नदीपलीकडे पाइन रिजच्या चर्चबाहेर हॉइटची गाडी दिसली मला. मासे हल्ली तिथं लागतात का गं?"

सगळे खो खो हसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काटा खाली ठेवला, पर्स उचलली आणि थेट पूल ओलांडला. नदीपलीकडचा तालुका वेगळा. तिथलं कुणी माझ्या दुकानात येत नसे, म्हणून तिथलं काही माझ्या कानावरही येत नसे. हे हॉइटला बरोब्बर ठाऊक होतं!

चर्च लांबून दिसायच्या आधी ऐकू आलं. त्यांचं गाणं आमच्या डोंगराइतकंच जुनं आहे. वाजवायला काही नाही, ऐकायला कुणी नाही, सगळे गाणारेच. चार बाजूंना बाक टाकून चौकोन करतात, तोंडं आत, मधली जागा मोकळी. आधी नुसते फा सो ला असे सूर गातात, मग शब्द. प्रत्येक जण आळीपाळीनं मधे उभा राहून हातानं ताल देतो. मोठ्यानं गातात, अगदी ऊर फुटेस्तोवर.

मी खिडकीशी थांबले. खर्जाच्या बाकावर पुढेच हॉइट बसला होता. इस्त्रीचा शर्ट! घरी माझ्या बहिणीच्या लग्नालाही त्यानं चुरगळलेला घातला होता. आणि त्याच्या बरोब्बर समोर वरच्या सुराच्या बायकांच्या बाकावर मधोमध एक बाई, पांढरा शुभ्र अंबाडा, लाकूडतोड्यासारखे दंड. दोघं एकमेकांकडे बघून गात होते. म्हणजे त्यांना तसंच बसावं लागतं, खर्जासमोर वरचा सूर, पण ते मला तेव्हा कुठलं सुचायला! हॉइटचं तोंड लाल झालं होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला रडू आलं. हा चेहरा माझा होता. तो यानं इथं आणून कुणाला दाखवला?

ठरवलं, आत जायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं, "हॉइट, देव कधीपासून?" मी दारात पोचले तेवढ्यात गाणं थांबलं. एक म्हातारबुवा मधे उभे राहिले. "आता गेलेल्यांसाठी," ते म्हणाले, आणि नावं घेतली. त्यात एक ट्वायला. नाव येताच समोरच्या त्या बाईनं मान खाली घातली. एक गाणं झालं. मग म्हातारबुवा म्हणाले, "आता अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. आपल्या हॉइटची बायको, नेल्डा. हिवाळ्यापासून उठलेली नाही बिचारी. पोटातून गा रे."

आणि ते गायला लागले. माझ्यासाठी! मी दारात उभी, पायात लाल बूट, हातात गाडीची किल्ली, धडधाकट. पहिल्या कडव्यात हॉइटनं मला पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं आणि आवाज आत गेला. ती बाई गाता गाता वळली. सगळे वळले. गाणं विस्कटलं.

"कोण गं तू, बाई?" तिनं विचारलं.

"नेल्डा," माझ्या तोंडून गेलं.

मग जो गलका झाला! कुणी हात वर केले, कुणी बाकावरून उडी मारली, म्हातारबुवा मटकन खालीच बसले. "उठली! अगं बाई, उठून चालत आली!" मला मिठ्या मारल्या, गालाचे मुके घेतले. मी हॉइटकडे बघत होते. तो बुटांकडे बघत होता.

दुपारचं जेवण बाहेर झाडाखाली, प्रत्येकीनं घरून आणलेलं. मला खुर्ची दिली, मांडीवर ताट ठेवलं. ती अंबाड्याची बाई, ओझेला, माझ्याजवळ बसली. हॉइट बर्फाच्या गार चहाचा ग्लास घेऊन मागे उभा, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"माझं कोंबडीचं सूप पोचायचं ना गं? दर महिन्याला द्यायची मी याच्याकडे."

मी हॉइटच्या पोटाकडे पाहिलं. "पोचायचं," मी म्हटलं. "अगदी आतपर्यंत."

ती हसली नाही. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि आवाज खाली आणला. "ट्वायला माझी लेक, तीही अंथरुणाला खिळलेली. तिचं आणि तुझं नाव मी रोज सकाळी प्रार्थनेत एकाच दमात घ्यायचे. मार्चमध्ये गेली ती. त्या दिवशी मी मनात म्हटलं, वरचा एक तर ठार बहिरा आहे, नाहीतर तिथं कुणी नाहीच. हे कुणाला बोलले नाही, तुला सांगते. आज शेवटचं गाऊन घ्यायचं आणि परत इथं पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून आले होते. आणि तू दारात! दोघींतली एक तरी... सांग ना गं, खरंच बरी झालीस ना?"

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा आनंद झाला. वर्षानुवर्षं लेस्टर आणि मी ज्या माणसाची वाट बघत होतो, तो माझा हात धरून बसला होता. एका वाक्याचं काम. 'बाई गं, मी कधी आजारीच नव्हते, हा थापा मारत होता.' एवढं म्हटलं की हिचा देव संपला, वर हॉइटच्या समोरचा बाक रिकामा. एका दगडात दोन पक्षी! मी तिच्यावर जळत होते, तिच्या आवाजावर, तिच्या सुपावर, ती रोज सकाळी माझं नाव घेत होती त्यावरसुद्धा. माझ्या पॅनकेकवाल्यांना तर मी मेल्याचंही चार रविवार कळलं नसतं.

पण वाक्य हॉइटनं बोलायला हवं होतं. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बोल की रे! त्याचे ओठ हलले. ग्लासातला बर्फ वाजला. त्यानं ग्लास तोंडाला लावला. आणि ओझेला, एवढी थोराड बाई, लहान पोरीसारखी माझा हात सोडत नव्हती.

"हो," मी म्हटलं. "आता बरी आहे मी."

जेवणानंतर त्यांनी मला चौकोनात मधे उभं केलं. चारी बाजूंनी आवाज अंगावर आला, पायाखालच्या फळ्या थरथरल्या. देव तिथं मला कुठं दिसला नाही. पण हॉइट माझ्याकडे बघून गात होता, तोच चेहरा, आणि मला त्याला मिठीही मारावीशी वाटत होती आणि थोबाडीतही.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी तोंड उघडलं. "कधीपासून लागला रे देव?"

"देव कुठला? माझा नाहीये विश्वास. तुझ्याइतकाच नाही." तो खुर्चीत कोसळला. "मला गायचं होतं गं. आजोबा गायचे त्या बाकावर. आपल्याकडे कोण गातं? लेस्टर?"

"आणि मी आजारी?"

"पहिल्यांदा त्यांनी विचारलं, बायकोला का नाही आणलंस? मी म्हटलं, बरं नाहीये तिला. पुढच्या महिन्यात विचारलं, कशी आहे? एकदा आजारी पाडल्यावर बरी कशी करणार? बरी केली असती तर म्हणाले असते, मग आण की!"

"म्हणून अंथरुणाला खिळवलंस?"

"हळूहळू," तो म्हणाला. "तू माझ्यासाठी खोटं बोललीस, नेल्डा."

"तुझ्यासाठी? तोंड बघ आरशात." त्या रात्री मी त्याला सूपच वाढलं, दुकानातल्या डब्यातलं, गार.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पाइन रिजला असते. लेस्टरला सांगितलंय, मासे धरायला जातो. माझा आवाज मधला, त्यामुळे मला खर्जाच्या शेजारचा बाक मिळाला. तिथून मला हॉइटचा फक्त एक कान दिसतो. पूर्ण चेहरा दिसतो तो समोर बसलेल्या ओझेलाला. मी अजून जळते. रागानं सूर चढतो, तर शेजारची म्हणते, "काय भक्ती आहे गं तुझी!"

गेल्या महिन्यात मला खराखुरा ताप आला. अंग फणफणत होतं. हॉइट म्हणाला, "राहा घरी. सांगतो मी, बरं नाहीये तिला."

"खबरदार!" मी म्हटलं, तापाची गोळी घेतली आणि लाल बूट चढवले.

आम्हाला उशीरच झाला. गाणं सुरू झालं होतं. सगळे मधे ताल देणाऱ्याकडे बघत होते. ओझेला तेवढी गात नव्हती. ती दाराकडे बघत बसली होती.